पाचवी शेळी

मला माणसं ओळखता येत नाहीत, हे आधीच कबूल करते. ज्यांना मी साधं समजले ते लबाड निघाले आणि ज्यांच्याशी पहिल्याच दिवशी भांडले ते जन्माचे सोबती झाले. शेळी मात्र मला कळते. समोरून गेलेली शेळी किती वेतांची आहे, जुळी देणारी आहे की एकाच करडावर थांबणारी, हे मी तिच्या चालीवरून सांगते आणि सहसा चुकत नाही. यात गर्व कसला? सोनाराला सोनं कळतं, तशी मला शेळी कळते.

माझं माहेर परांड्याच्या बाजूचं. माळरान, बाभळी आणि काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या, एवढंच तिथं मुबलक. माझे वडील, म्हणजे आबा, शेती करायचे. पण आसपासच्या दहा गावांत त्यांची ओळख शेळ्यांचे पारखी अशी. कुणाला पैदाशीसाठी माद्या घ्यायच्या असल्या की तो आबांना बाजारात घेऊन जायचा आणि आबा मला. पोरीला बाजारात कशाला नेता, म्हणून लोक बोलायचे. आबा म्हणायचे, "तिचा हात हलका आहे, शेळी बुजत नाही." खरं कारण निराळं होतं. माझ्या दोन्ही भावांना शेळ्यांचा वास सोसायचा नाही आणि मला त्या वासाशिवाय करमायचं नाही.

आबांची रीत ठरलेली होती. शेळी आधी मागून बघायची, कारण पुढून सगळ्याच गोड दिसतात. मागच्या दोन पायांत कास नीट मावेल एवढी जागा हवी. मग तिला दहा पावलं चालवायची. मग तोंड उघडून दात बघायचे. दोन दाती म्हणजे अजून पोर, चार किंवा सहा दाती म्हणजे ऐन उमेदीतली, सगळे दात झिजलेले म्हणजे आजीबाई. कास दाबली तर मळलेल्या कणकेसारखी लागली पाहिजे, गाठ नको की कढत नको. शेपटीखाली स्वच्छ, लेंड्या सुट्या. मादीची आई बघायला मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण खाण तशी माती. आणि हे सगळं झाल्यावर विकणाऱ्याला एकच प्रश्न : का विकतोस? त्याचं उत्तर ऐकताना शेळीकडं बघायचं नाही, माणसाच्या तोंडाकडं बघायचं.

एवढी विद्या पदरात घेऊन मी लग्न होऊन चेन्नईजवळ तांबरमला आले. नवरा रेल्वेत, राहायला रेल्वेची क्वार्टर्स. आमच्या ओळीत आंध्रची माणसं होती, बिहारची होती, केरळची होती. मराठी आम्ही एकटेच. त्यामुळं मी सगळ्यांची "हिंदी अम्मा". मराठी आणि हिंदी वेगळ्या, हे समजावण्यात पहिली दोन वर्षं गेली, मग मी तो नाद सोडला. बारा वर्षांत शेळीच्या अंगाला हात लागला नव्हता. कुणी विचारलंच नाही, तर मी तरी कुणाला सांगणार की मला काय येतं?

बुधवारी आणि रविवारी आमच्याकडं कोवलमची (केरळातलं नव्हे, चेन्नईच्या खालच्या अंगाचं) मासळीवाली यायची. केळंबाक्कमला एक बस बदलायची, वंडलूरवरून तांबरमला उतरायची आणि डोक्यावर टोपली घेऊन क्वार्टर्सभर फिरायची. मी तिला अक्का म्हणायचे, ती मला अम्मा. उंच, काटक, पन्नाशी उलटलेली, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. आमचं पहिल्या दिवशी जे भांडण झालं ते शेजारणी बाहेर येऊन ऐकत होत्या. त्यानंतर तिनं माझं दार कधी चुकवलं नाही. माझी तमिळ तिच्याकडूनच आली, म्हणून माझ्या तमिळला मासळीचा वास येतो असं माझा नवरा म्हणतो. मासा कसा घ्यावा तेही तिनंच शिकवलं. अंगठ्यानं कल्ला उचलायचा. आत लालभडक असेल तर ताजा, फिका असेल तर पुढं चालायचं. "बाकी सगळं पाणी मारून चकाकवता येतं अम्मा, रक्ताला कुणी फसवू शकत नाही," असं ती सांगायची.

त्सुनामी येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. लाटा गेल्यावर कितीतरी दिवस कोणी मासळीला हात लावेना. अक्काचा धंदा बसला तो नीट उठलाच नाही. त्यात तिचा गुडघा गेला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोक्यावर ओझं घ्यायचं नाही म्हणून बजावलं. नवरा पूर्वीच वारलेला. एकुलता एक मुलगा एन्नोरकडं कंपनीत कामाला, तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत बायको-मुलांसह राहायचा. तो म्हणाला, आई, आता घराला कुलूप लाव आणि माझ्याकडं चल. मुलगा वाईट नव्हता, उलट फार चांगला होता, आणि तीच पंचाईत होती. वाईट मुलाला नाही म्हणता येतं.

"तिथं मी काय करू?" अक्का माझ्या पायरीवर बसून म्हणाली. "दाराला कडी लावून भिंतीकडं बघत बसू? माझ्या घरातून निदान समुद्र ऐकू येतो. मेला वाईट वागला तरी आपला आहे."

तिच्या बायकांच्या गटाला कुठल्याशा संस्थेनं शेळ्या द्यायचं ठरवलं होतं. प्रत्येकीला पाच माद्या, बोकड गटात मिळून एक. पैसे संस्थेचे, माद्या जिच्या तिनं निवडायच्या. अक्कानं गटातल्या सगळ्या बायकांसमोर मुलाशी करार केला. पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, पाचही शेळ्या धडधाकट उभ्या दिसल्या तर ती कोवलमलाच राहणार. नाहीतर ट्रंक भरून त्याच्याबरोबर जाणार.

"शनिवारी बाजार आहे चेंगलपट्टूच्या पुढं," ती म्हणाली. "दलाल सांगून ठेवलाय. तो देईल पाच चांगल्या."

"दलाल?" मी हातातली विळी खाली ठेवली. "अक्का, वेड लागलंय का? दलाल देतो त्या शेळ्या खाटकाच्या असतात. पैदाशीची मादी अशी घेतात होय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "तुम्हाला शेळ्यांतलं काय कळतं, अम्मा? तुम्ही क्वार्टर्समधल्या बाई."

हे मात्र मला झोंबलं. बारा वर्षं पोटात दाबून ठेवलेलं सगळं मी त्या पायरीवर बसून ओतलं. दात, कास, चाल, खुरं, सगळं. तमिळ शब्द सापडेना तिथं स्वतःच शेळी होऊन दाखवलं. नवरा ड्यूटीवरून आला तेव्हा मी अंगणात वाकून मागचे पाय कसे हवेत ते दाखवत होते. तो म्हणाला, "मलाही असंच चालवून बघितलं होतंस काय?" मी म्हटलं, "बघितलं असतं तर बरं झालं असतं."

शनिवारी आम्ही दोघी बाजारात. अक्काच्या हातात पाच दोऱ्या, गटातल्या आणखी चार बायका बरोबर. त्या बाजाराचा वास नाकात गेला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. दलालानं एक तांबूस मादी पुढं केली. शिंगांना तेल, पोट टम्म. "तीन महिन्यांची गाभण," तो म्हणाला. मी तिच्या पोटाखाली दोन्ही हात घालून कासेच्या पुढं हलकेच वर उचललं. "पाणी आहे," मी म्हटलं, "पिल्लू नाही. पहाटे मीठ चारून पाणी पाजलंय. मी इथं दुपारपर्यंत बसते, मग पोट बघू." आजूबाजूची माणसं हसायला लागली. दुसरीची कास एवढी मोठी की बघत राहावी. दोन दिवस पिळलीच नव्हती, आणि एका बाजूनं ती कढत लागली. तिसरी लंगडत होती, पण तिला जागेवरून हलू द्यायचं नाही अशा बेतानं धरून ठेवलेली. चौथीला चार सड होते, त्यातले दोन आंधळे, म्हणजे दूध न येणारे. दलाल वैतागून म्हणाला, "ही हिंदी अम्मा कुठून आणली?"

दुपार कलली तरी आम्ही एकही शेळी घेतली नव्हती. गटातल्या चारही बायकांनी आपापल्या पाच-पाच घेतल्या आणि टेम्पोत घालून निघूनही गेल्या. अक्काच्या हातातल्या दोऱ्या तशाच. 

"सगळ्यांनी घेतल्या," शेवटी ती बसमध्ये म्हणाली. "मी मोकळी घरी चालले. लेकाला काय, दोऱ्या दाखवू?"

"बाजारात येते ती शेळी कुणाला तरी नकोशी झालेली असते, अक्का. आपल्याला हवीशी पाहिजे."

"हवीशी असेल तर विकेल कोण?"

 मी खिडकीबाहेर बघत बसले. बस तिरुप्पोरूरवरून केळंबाक्कमकडं चालली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोकळी रानं होती तिथं आता भिंती उठत होत्या. कुठं कंपन्यांच्या काचेच्या इमारती, कुठं प्लॉटचे दगड आणि पाट्या. अशाच एका नव्याकोऱ्या भिंतीच्या कडेनं एक म्हातारा तीस-चाळीस शेळ्या घेऊन चालला होता. शेळ्या भिंतीला नाक लावून थांबत होत्या, कारण त्यांचं रान भिंतीच्या पलीकडं राहिलं होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी उठून ओरडले, बस थांबली, आणि अक्काला दंडाला धरून मी खाली उतरवलं.

म्हाताऱ्याला मी तात्ता म्हटलं, म्हणजे आजोबा. मी त्याला आबांचा प्रश्न विचारला : विकणार का, आणि का विकणार? त्यानं काठीनं भिंत दाखवली. एवढंच. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. तिथं लबाडी नव्हती, नुसता संताप होता. दलाल त्याच्याकडं येऊन गेला होता, पण सगळा कळप खाटकाला जाईल म्हणून त्यानं परतवून लावला होता.

"पाळायला नेणार?" त्यानं विचारलं.

"पैदाशीला," मी म्हटलं. "कोवलमला, समुद्राकाठी. ही अक्का सांभाळेल."

त्यानं अक्काला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. आम्ही शेळ्या पारखायला आलो होतो आणि तो गिऱ्हाईक पारखत होता. मग त्यानं कळप झाडाखाली उभा केला.

त्या दुपारसारखी दुपार मी बारा वर्षांत पाहिली नव्हती. इथं शेळी वाईट म्हणून विकायची नव्हती, रान गेलं म्हणून विकायची होती. म्हणजे उत्तमातली उत्तम मागायला आडकाठी नव्हती. मी एकेकीला मागून बघितलं, चालवलं, तोंडं उघडली. म्हातारा प्रत्येकीची आई काठीनं दाखवायचा, आणि ती आई तिथंच दहा हातांवर पाला ओरबाडत उभी असायची. चार दाती एक घेतली, तिची आई तीन वेळा जुळी व्यालेली. सहा दाती दोन घेतल्या, दोन्ही खरोखरच गाभण. हात लावताच आतलं पिल्लू ढुशी देत होतं. चौथी दोन दाती पाठ, म्हणजे अजून न व्यालेली, पण हाडापेरानं अशी की पुढं घराणं चालवेल. अक्का प्रत्येक वेळी दोरी बांधायची आणि माझ्याकडं बघायची. त्या नजरेत आता क्वार्टर्समधली बाई नव्हती. मला फार बरं वाटत होतं, लपवायचं कशाला?

मग मला ती दिसली. कळपाच्या कडेला एकटी उभी. काळीभोर, उंच, लांब लोंबते कान, आमच्या उस्मानाबादीची सख्खी बहीण शोभेल अशी.  आबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. बातमी आली तेव्हा गाडी पकडून मी निघाले, पण पोचले तोवर सगळं उरकलं होतं. ती शेळी बघितली आणि मला आमचं अंगण, आबांची हाक, सगळं एकदम आठवलं. मी तिच्याजवळ जाऊन मानेवरून हात फिरवला.

"ही पाचवी," मी म्हटलं.

"तिची आई इथं नाही," म्हातारा म्हणाला. "सेलमकडनं पाव्हण्यानं आणून दिली, गेल्या पावसाळ्याआधी."

"चालेल." दात बघितले, सहा. कास मऊ. लेंड्या सुट्या. चाल झकास. ती का विकायची, हे मात्र मी विचारलं नाही.

अक्का पुढं आली. तिनं शेळीचं डोकं बगलेत धरलं आणि अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आत बघितलं. मग जाऊन बाकी चौघींच्या पापण्या ओढून बघितल्या आणि परत आली.

"अम्मा, हिचं आत पांढरं आहे. त्यांचं लाल आहे."

मला हसू आलं. "अक्का, ही शेळी आहे, सुरमई नव्हे. कल्ले कसले बघता?"

"पांढरं आहे," ती पुन्हा म्हणाली.

"माझ्या वडिलांनी हजारो शेळ्या घेतल्या. कधी कुणाची पापणी उलटून बघितली नाही. सकाळपासून मी एकदा तरी चुकले का?"

अक्कानं माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ. मग "सरि" म्हणाली, म्हणजे बरं, आणि पाचवी दोरी बांधली. म्हातारा तेव्हा दुसरीकडं बघत होता. ज्या तोंडाकडं बघायचं असं मला लहानपणापासून शिकवलं होतं, त्याच्याकडं मी बघितलंच नाही.

पुढचे दोन महिने मी राणीसारखी मिरवले. गटातल्या बाकीच्या बायकांच्या शेळ्यांपैकी कुणाची आजारी, कुणाची भाकड, कुणाची म्हातारी निघाली. अक्काच्या पाचही मात्र सरूच्या बनाजवळ हादग्याचा पाला खात तुकतुकीत. "हिंदी अम्माला दाखवून घ्या" असं कोवलमच्या बायका म्हणायला लागल्या. मी दर पंधरा दिवसांनी बसनं जायचे, पारखून सल्ला द्यायचे आणि येताना फुकटची मासळी घेऊन यायचे.

ऑक्टोबरात पाऊस लागला. त्या वर्षीचा पाऊस तांबरमच्या माणसांना अजून आठवतो. आमच्या क्वार्टर्सच्या पायऱ्या बुडाल्या होत्या. पाणी ओसरल्यावर शेजारणीच्या मोबाइलवरून अक्काचा फोन आला. काळी शेळी खात नाही, हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखं दिसतं. मी मिळेल त्या बसनं पोचले. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं ना दात बघितले, ना कास. अंगठ्यानं खालची पापणी ओढली. आत कागदासारखं पांढरं.

"जंत," ती म्हणाली. "रक्त पिणारे. हगवण लावत नाहीत, म्हणून वरून कळत नाही. ओल्या मुलखात हे पहिलं बघायचं. हिला बरेच महिने असणार, पावसानं वाढले. घेताना डोळा बघितला नव्हता का कुणी?"

 आमच्या माळावर आठ महिने जमीन तव्यासारखी; तिथं कसले जंत आणि कसल्या पापण्या? आबांची विद्या खरी होती, पण ती परांड्याची होती. मी ती जशीच्या तशी समुद्राकाठी आणून रोवली होती.

काळी तिसऱ्या दिवशी गेली. बाकी चौघींना औषध पाजलं. दवाखान्यातून परतताना मी म्हटलं, "अक्का, चूक माझी."

"हो, तुमचीच," ती म्हणाली, आणि पुढं चालायला लागली. तिनं माझी समजूत घातली नाही, याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

पण करार पाच शेळ्यांचा होता. पोंगलला मी तिळगुळाचा डबा घेऊन कोवलमला गेले. माट्टु पोंगलचा, जनावरांचा दिवस. अक्कानं चारही शेळ्यांना धुऊन शिंगं रंगवली होती. सहा दाती दोघी प्रत्येकी जुळी व्याल्या होत्या, चार दातीला एक पाठ झाली होती आणि दोन दाती गाभण होती. ओसरीवर ही पाच करडं उड्या मारत होती. आणि दाराशी ट्रंक होती, भरलेली, दोरीनं बांधलेली. अक्का शब्दाची पक्की.

मुलगा आला. शांत, तिशीचा, आईसारखाच उंच. गटातल्या बायका जमल्याच होत्या. त्यानं शेळ्या बघितल्या, करडं बघितली आणि हळूच म्हणाला, "पाच होत्या ना?"

"एक गेली," अक्का म्हणाली. "ती मी निवडली होती. मला काय कळतं शेळ्यांतलं? बाकीच्या चार ह्या अम्मांनी निवडल्या. बघ कशा आहेत."

माझा तिळगुळाचा डबा हातातच राहिला. मुलानं मला हात जोडले, आणि मग आईकडं वळला. "म्हणजे तुला कळत नाही, हे तूच सांगतेस. ह्यांची रेल्वेची नोकरी, उद्या बदली झाली तर? मग तू कुणाला विचारणार? चल आई. करार झालेला आहे."

अक्का उठली. खरंच उठली, गुडघ्यावर हात ठेवून. माझी लाज राखायला ती आपलं घर सोडून निघाली होती. सगळ्या बायका माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या, आणि त्या कौतुकाची मला किती चटक लागली होती हे मला तेव्हा कळलं. एक क्षण मी गप्प राहिले. तो एक क्षण मला अजून टोचतो.

"खोटं बोलताहेत त्या," मी म्हटलं, आणि माझा आवाज उगाचच मोठा निघाला. "मेलेली शेळी मी निवडली. तुमच्या आईनं तिची पापणी ओढून मला सांगितलं होतं, आत पांढरं आहे, एकदा नव्हे, दोनदा. मी त्यांना हसले. डॉक्टरीणबाईनं नंतर तेच केलं, अगदी तसंच. मला हे येत नव्हतं, त्यांना येत होतं. मी उद्या बदलून गेले तरी ह्या शेळ्यांचं काही बिघडणार नाही. तुमच्या आई रोज सकाळी सगळ्या शेळ्यांचे डोळे बघतात."

 मुलानं आईकडं बघितलं.

"तुला दिसलं होतं? मग घेतलीस कशाला? पाचांवर तुझं घर होतं."

अक्का शेळीच्या शिंगावरचा रंग बोटानं पुसत राहिली. मग म्हणाली, "बारा वर्षं ह्या बाईला ओळखते. भांडतात, हसतात, पण माहेराबद्दल कधी एक शब्द नाही. त्या दिवशी त्या काळीच्या गळ्यात हात घालून त्यांच्या भाषेत तिच्याशी बोलत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांना पत्ताही नव्हता. मी नाही कसं म्हणायचं?"

 मुलानं वाकून ट्रंक उचलली.  त्यानं ती आत नेली, खाटेखाली सरकवली आणि बाहेर येऊन आईला विचारलं, "जेवायला काय केलंयस?"